एकट्याचा अल्बम

१

बँड सोडल्यापासून डावरा कारकुनासारखा वागू लागला होता. आठला अंघोळ, साडेआठला बहिणीबरोबर न्याहारी, साडेनऊला घराबाहेर, आणि दहाला पाच कमी असताना चष्म्याच्या दुकानाशेजारचा जिना. दुसऱ्या मजल्यावर स्टुडिओ होता. एकोणीस वर्षं ज्याने दुपारी बाराच्या आत कुणाला तोंड दाखवलं नव्हतं, तो माणूस आता जॅकेट खुंटीला लावून, चहाचा थर्मास टेबलाखाली ठेवून, दहाला गिटार जुळवायला बसलेला असायचा.

"या साहेब," रेकॉर्डिस्ट म्हणायचा, "मस्टरवर सही करा. कालचा अर्धा दिवस रजेत धरलाय."

रेकॉर्डिस्ट त्याचा जुना दोस्त. दोघंही पन्नाशीला टेकलेले. एकाचे गुडघे गेलेले, दुसऱ्याची पाठ. डाव्या हाताने वाजवतो म्हणून कॉलेजात कुणीतरी ठेवलेलं 'डावरा' हे नाव इतकं चिकटलं होतं, की खरं नाव पासपोर्टाखेरीज कुठे उरलं नव्हतं.

बँड सोडताना आदळआपट झाली नव्हती. तालमीच्या खोलीत गिटार पेटीत ठेवत तो एवढंच म्हणाला होता, "एकोणीस वर्षं मी तुम्हाला ओढत आणलं. आता जरा हात मोकळे करतो." गायकाने सावकाश टाळ्या वाजवल्या. बासवाला खाली बघत राहिला. ड्रमर काहीतरी बोलणार होता, पण बोलला नाही.

आता हे वाक्य निस्तरणं भाग होतं. अल्बमसाठी दहा गाणी ठरली होती. ड्रम, बास, गिटार, आवाज, सगळं त्याचं एकट्याचं. जमलं, तर ते वाक्य खरं ठरणार होतं. नाही जमलं, तर एकोणीस वर्षं आपण नक्की काय करत होतो, हा प्रश्न त्याला स्वतःलाच विचारावा लागला असता. आणि त्या प्रश्नाला तो जिन्यावरून पडण्यापेक्षा जास्त घाबरत होता.

२

काम करायची त्याची पद्धत रेकॉर्डिस्टला पहिल्या दिवसापासून पटली नव्हती.

साधारणपणे आधी ड्रम घेतात, मग ते कानात ऐकत ऐकत बास, मग दोन्ही ऐकत गिटार. एकावर एक थर चढत जातात. डावऱ्याला हे नको होतं. बँडमध्ये सगळे एकमेकांच्या खांद्यावर रेलून वाजवतात, तसं इथे होता कामा नये. प्रत्येक वाद्य एकटं वाजवायचं. कानात फक्त यंत्राची टकटक. कालचे ड्रम आज ऐकायचे नाहीत, आजची बास उद्या ऐकायची नाही. सगळं झालं की मग एकत्र जोडायचं.

"जोडायचं कसं?" रेकॉर्डिस्टने विचारलं. "शर्टाची बटणं एका शिंप्याने लावली आणि काजं दुसऱ्याने, असं होईल ते."

"शिंपी एकच आहे."

"शिंपी एकच, पण रोज त्याचा मूड वेगळा. गेल्या मंगळवारी तुझी पाठ धरली होती, आठवतंय?"

तरी डावऱ्याने हट्ट सोडला नाही. पहिलं गाणं पुरं व्हायला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी रेकॉर्डिस्टने सगळे तुकडे एकाखाली एक लावले आणि 'आता हसू येणार' अशा चेहऱ्याने बटण दाबलं.

हसू आलं नाही. गाणं इतकं एकजीव होतं, की रेकॉर्डिस्टचं बोट संपेपर्यंत बटणावरच राहिलं. बासचा प्रत्येक आघात ड्रमच्या पोटात बसत होता. गिटार मागे रेंगाळायची तेव्हा ड्रमही तेवढेच रेंगाळायचे. खोलीत चार माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत वाजवताहेत, असं वाटत होतं.

"हात जोडले बाबा," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "माझे शब्द मागे घेतो."

डावऱ्याला त्या दिवशी जिना उतरताना पाठ दुखल्याचं आठवलं नाही.

३

खटकावं असं काहीतरी पहिल्या गाण्यातच होतं, पण ते बोललं गेलं तिसऱ्या गाण्यानंतर.

रेकॉर्डिस्ट पडद्यावरच्या रेघा बघत होता. प्रत्येक वाद्याची एक आडवी पट्टी, आणि सगळ्यांत वर टकटकीची, कंगव्याच्या दातांसारखी सरळ.

"हे बघ," तो म्हणाला. "तुझे ड्रम टकटकीवर नाहीत. थोडे मागे. इथे पुढे. इथे परत मागे."

"माणूस आहे. यंत्र नाही."

"ते बरोबर. पण बास बघ. जिथे ड्रम मागे, तिथे तीही मागे. तेवढीच. आणि तू ड्रम ऐकले नव्हतेस."

"हात एकच ना. सवय एकच."

"ड्रमला पायही असतात," रेकॉर्डिस्ट म्हणाला. मग त्याने पट्टी पुढे सरकवली. "बरं, सवय म्हणू. मग हे काय?"

दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर ड्रममध्ये एक रिकामी जागा होती. पूर्ण एका ठोक्याची. डावऱ्याला ती आठवली. काठी निसटली होती असं त्याने तेव्हा सांगितलं होतं, आणि नंतर दुरुस्त करू म्हणून सोडून दिलं होतं. चार दिवसांनी वाजवलेल्या बासमध्ये त्याच ठिकाणी तेवढीच रिकामी जागा होती. त्यानंतर दोन दिवसांनी वाजवलेल्या गिटारमध्येही होती. गातानाही तो तिथे एक ठोका थांबला होता, शब्दाच्या मधोमध.

"गाताना का थांबलास?"

डावऱ्याने आठवून पाहिलं. थांबल्याचं त्याला आठवत नव्हतं. थांबायचं होतं तिथे थांबलो, इतकंच वाटत होतं.

"काठी चारदा निसटत नाही," रेकॉर्डिस्ट म्हणाला, आणि आपलंच वाक्य आवडलं नसल्यासारखा उठून चहा ओतायला गेला.

४

अल्बम काढणाऱ्या कंपनीला जाहिरातीसाठी रेकॉर्डिंगची छोटी दृश्यं हवी होती. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन लहान कॅमेरे उभे होते. एक त्याच्या समोर, एक बाजूला. त्यांच्याकडे कुणी लक्ष देत नव्हतं. पाचवं गाणं झाल्यावर कंपनीने दृश्यं मागितली, तेव्हा रेकॉर्डिस्टने एक दुपार ती बघण्यात घालवली. चारच्या सुमाराला त्याने काचेतून डावऱ्याला बोलावलं. काचेपलीकडची नियंत्रणाची खोली लहान होती; दोन खुर्च्या ठेवल्या की दार अर्धंच उघडायचं.

"तू सुरुवात करायच्या आधी काय करतोस, ठाऊक आहे?"

"श्वास घेतो."

"बघ."

पडद्यावर डावरा ड्रममागे बसला होता. काठ्या हातात. तो मान उचलून वर, दाराच्या बाजूला बघतो. वाट बघतो. मग होकारार्थी मान हलवतो, आणि सुरू करतो.

"असेल," डावरा म्हणाला. "प्रत्येकाची काहीतरी लकब असते. आमचा गायक कान ओढायचा."

रेकॉर्डिस्टने दुसरं दृश्य लावलं. तिसरं लावलं. बास, गिटार, पुन्हा ड्रम. प्रत्येक वेळी वर नजर, थांबणं, मान. गातानाही. कधी तो लगेच मान हलवायचा, कधी सहा-सात सेकंद थांबून. एकदा त्याने मान हलवली, वाजवायला हात उचलला, आणि एकदम हात खाली घेऊन पुन्हा थांबला. जणू घाई झाली. नंतर पुन्हा मान.

"मी काय म्हणतो," रेकॉर्डिस्ट म्हणाला, "सुरू करू का असं विचारणारा वेगळ्या तऱ्हेने मान हलवतो. भुवया वर करून. तुझी तशी नाही. तुझी 'हो' म्हणणाऱ्याची आहे."

डावऱ्याने काचेतून वाजवायच्या खोलीकडे पाहिलं. दाराच्या वर पांढरी भिंत, विजेच्या दिव्याची पट्टी, आणि आवाज शोषणाऱ्या स्पंजचे चौकोन. त्यातला एक चौकोन कोपऱ्यातून सुटला होता. बघण्यासारखं तेवढंच.

५

ताईला सांगायचं नव्हतं, पण ताईपासून लपवणं त्याला लहानपणीही जमलं नव्हतं.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. तंत्रनिकेतनात तीस वर्षं जमीन-मोजणी शिकवून निवृत्त झालेली. दोन ठिकाणी उभं राहून तिसऱ्या ठिकाणाचं अंतर काढायचं, हाच तिचा आयुष्यभराचा उद्योग. लग्न तिने केलं नाही. विचारलं तर म्हणायची, मोजमाप जुळलं नाही. भावाच्या संगीताला ती 'तुझं ते ठणठण' म्हणायची आणि त्याच्या प्रत्येक कार्यक्रमाचं तिकीट जपून ठेवायची.

"शून्यात बघत असशील," ती प्रथम म्हणाली. "वर्गात अर्धी मुलं बघतात."

"तेच मी म्हणतोय."

"म्हणू नकोस. दृश्यं आण. मोठी करून, डोळ्यांची."

त्यानंतर महिनाभर जेवणाच्या टेबलावर त्याच्या डोळ्यांचे कागद पसरलेले असायचे. चष्म्याच्या दुकानात नेऊन तिने त्याच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजून घेतलं. दुकानदाराने नवा चष्मा काढायचा का असं विचारलं, तर म्हणाली, "चष्मा नको, पुरावा हवाय."

आठवं गाणं संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी न्याहारीला तिने वही पुढे केली.

"शून्यात बघणाऱ्याची बुबुळं सरळ समांतर राहतात," ती म्हणाली. "जवळचं बघणाऱ्याची आत वळतात. जेवढं जवळ, तेवढी जास्त. दोन डोळे म्हणजे दोन ठिकाणं, कळलं? रेघा वाढवल्या की जिथे मिळतात तिथे तू बघतोयस. तुझ्या मिळतात."

"भिंतीवर?"

"भिंतीच्या अलीकडे. हवेत."

डावऱ्याने पावाला लोणी लावणं चालू ठेवलं.

"पहिल्या तीन गाण्यांचं मी सांगणार नाही. तिथे चूक उत्तराएवढीच मोठी आहे. पाया फक्त साडेसहा सेंटिमीटरचा, त्यातून मी काय डोंबल काढणार? एखाद्या विद्यार्थ्याने हे केलं असतं तर मी वही फेकून दिली असती. पण चौथ्यापासून..." तिने पेन्सिल आकड्यांवरून फिरवली. "चौथ्यात तीन मीटर. पाचव्यात अडीच. सातव्यात दोनच्या आत. काल दीड. आणि उंचीही उतरतेय. आधी छताजवळ होती, आता तुझ्या डोळ्यांच्या थोडी वर आहे."

"मोजण्यात चूक असेल."

"असेल ना. मी रोज तेच म्हणत उठते." ताईने चष्मा काढला आणि पदराने नाही, रुमालाने नाही, बोटानेच काच पुसली, असं ती कधी करत नसे. "पण चूक असती तर आकडे विखुरले असते. काही मागे, काही पुढे. हे विखुरलेले नाहीत रे. हे चालताहेत."

६

ड्रमर आला तो शनिवारी दुपारी, आपलं स्टूल न्यायला. बँडमधले सगळे त्याला ठोक्या म्हणत. स्टुडिओत त्याचं एक गोल स्टूल वर्षभर पडून होतं.

"तुझ्या बुडाखाली माझं स्टूल, आणि अल्बमवर नाव तुझं एकट्याचं," ठोक्या म्हणाला. "निदान स्टुलाचे आभार मान."

रेकॉर्डिस्ट हसला. डावराही हसला. मग बँडचं कसं चाललंय, नवा गिटारवाला कसा आहे, असं इकडचं तिकडचं झालं. ठोक्या निघायला लागला तेव्हा डावऱ्याने विचारलं,

"मी सुरुवात करायच्या आधी कुठे बघायचो?"

ठोक्याने स्टूल खाली ठेवलं.

"म्हणजे तुला माहीत नव्हतं?"

"काय?"

"आम्हाला वाटायचं, तुझं कुणीतरी येऊन बसतं. पहिली काही वर्षं आम्ही चेष्टा करायचो, आज कोण आलीय म्हणून. तू डावीकडे वर बघायचास, लांब. मोठा हॉल असला की पार बाल्कनीत. मग मान हलवायचास, आणि आम्ही तुझी मान बघून सुरू करायचो. मी सुरुवातीचे चार ठोके देणं सोडूनच दिलं होतं. कशाला द्यायचे? तुझी मान बरोबर असायची. कधी चुकलो नाही आपण."

"मग?"

"मग काय? मग ते जवळ आलं." ठोक्याने रेकॉर्डिस्टकडे पाहिलं, जणू परवानगी मागत होता. "बाल्कनीतून खाली. मधल्या रांगांत. शेवटच्या वर्षी तू पहिल्या रांगेत बघायचास. त्या रांगेत बसलेल्या माणसांच्या डोक्याच्या जरा वर. तेव्हा मी तुझ्याकडे बघणंच बंद केलं. म्हणून आपलं बिनसलं. तुला वाटलं, मी तुझ्यावर जळतो."

डावऱ्याला तसंच वाटलं होतं. वर्षभर वाटत होतं.

"मी तुम्हाला ओढत आणलं म्हणालो," तो म्हणाला.

"हो. मी त्या दिवशी सांगणार होतो. पण म्हटलं, जातोय तर जाऊ दे." ठोक्याने स्टूल काखेत मारलं. "आता मी चार ठोके देतो. निम्म्या वेळा कुणीतरी उशिरा येतं. परवा तर बासवाला दुसरंच गाणं वाजवायला लागला. पण काय सांगू तुला, बरं वाटतं."

जिन्यावर त्याच्या पावलांचा आवाज खालपर्यंत येत राहिला. नेहमीपेक्षा तो जरा घाईत उतरत होता.

७

नववं गाणं वाजवताना डावऱ्याने ठरवलं, की वर बघायचं नाही.

डोळे तारांवर ठेवायचे, टकटक ऐकायची, आणि आपल्या मनाने सुरू करायचं. एवढंसं काम. लहान मूलही गाणं स्वतःहून सुरू करतं.

त्याने हात तारांवर ठेवला. टकटक चालू होती. एक, दोन, तीन, चार. आता. पुन्हा एक, दोन, तीन, चार. आता. त्याला वाटलं, पुढच्या वेळी. हात जड नव्हता, दुखतही नव्हता; तो फक्त सुरू होत नव्हता. पाण्यात उडी मारायला फळीवर उभं राहावं तसं काहीसं, असं त्याने स्वतःला समजावलं. थोडी भीती, थोडी सवय. मानसशास्त्राच्या कुठल्याही साध्या पुस्तकात याचं स्पष्टीकरण असेल.

"अरे, सुरू कर ना," कानात रेकॉर्डिस्टचा आवाज आला.

"करतोय."

"कधीचा करतोयस. बारा मिनिटं झाली."

त्याला दोन वाटली होती. त्याने काचेकडे बघायला मान उचलली, निदान त्याला तसं वाटलं. आणि गाणं सुरू झालं. पाच मिनिटांनी ते संपलं तेव्हा रेकॉर्डिस्ट काचेआडून अंगठा दाखवत होता, पण त्याचा चेहरा अंगठ्याशी जुळत नव्हता.

त्या रात्रीच्या जेवणापर्यंत ताईने आकडा काढला होता. ती तो सांगत नव्हती. त्याने वही ओढून घेतली.

"सत्तर सेंटिमीटर," ती म्हणाली. "हात पुढे केलास तर बोटं लागतील. दहावं गाणं वाजवू नकोस."

"कंपनीला दहा हवीत."

"कंपनीला सांग, नऊच आहेत. गाण्यांनी काय पोरं उजवायची आहेत?"

"ताई, कंपनीचं सोड." डावऱ्याने वही मिटली. "ही नऊ गाणी माझी आहेत की नाहीत, मला माहीत नाही. बँडची माझी होती की नव्हती, तेही नाही. निदान एक गाणं मला स्वतः सुरू करून बघायचंय. एक. भिकार झालं तरी चालेल."

ताईने वही परत आपल्याकडे ओढली.

"मग मी येणार," ती म्हणाली. "आणि डोळे मी बांधणार. तुझ्यावर माझा काडीचा विश्वास नाही."

८

मंगळवारी सकाळी अकराला त्यांनी दहावं गाणं घेतलं.

सगळं साधं केलं होतं. ड्रम नाहीत, बास नाही, गायन नाही, एकच गिटार. टकटकही बंद. कॅमेरे काढून टाकले होते. डावरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, नाक स्पंजच्या चौकोनापासून वीतभर. ताईने त्याच्या डोळ्यांवर आपला राखाडी स्कार्फ तीन पदरी बांधला आणि मागे गाठ मारली.

"घट्ट झाला?"

"डोकं दुखेल."

"दुखू दे." तिने त्याच्या पाठीवर एकदा थाप मारली. "चल, कर तुझं ठणठण."

दार लागल्याचा आवाज आला, मग दुसऱ्या खोलीचं दार. त्याने हेडफोन काढून माइकच्या दांड्यावर अडकवले होते; कानात कुणाचाच आवाज नको होता. लाल दिवा लागला की कळणार नाही, म्हणून ठरलं होतं: शंभरपर्यंत मोजायचं आणि मग केव्हाही.

त्याने शंभर मोजले. मग थांबला. स्कार्फाआड काळोख होता आणि त्याला साबणाचा वास येत होता. तो वाट बघत नव्हता, हे त्याने नीट तपासून घेतलं. मग त्याने हात खाली आणला.

पहिला सूर जरा कर्कश लागला. दुसरा बरा. तिसऱ्या ओळीत बोट घसरलं, आणि त्याला इतका आनंद झाला, की तो हसलाच. एकोणीस वर्षांत असं बोट घसरलं नव्हतं. गाणं वाकडंतिकडं, अडखळत, मध्येच धावत पुढे गेलं. मधला भाग त्याने विसरून दोनदा वाजवला. शेवट ठरवल्यापेक्षा आधी केला, कारण त्याला तिथे संपवावंसं वाटलं. शेवटचा सूर विरेपर्यंत त्याने वाट पाहिली आणि मग तळवा तारांवर सपाट ठेवून त्या गप्प केल्या.

भिकार झालं होतं. त्याचं होतं.

त्याने स्कार्फ वर सारला आणि वळला.

लाल दिवा अजून लागलेला होता. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट आणि ताई शेजारी शेजारी बसली होती. झालं, असं सांगायला त्याने हात वर केला. त्यांनी पाहिलं नाही. दोघांची नजर त्याच्यावर नव्हती. त्याच्या उजव्या खांद्याच्या जरा बाजूला, अगदी जवळ होती. रेकॉर्डिस्टचं एक बोट टेबलावर ठेका धरत होतं. ताई किंचित पुढे झुकली होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते त्याच्या एकाही कार्यक्रमात त्याने तिथे पाहिलं नव्हतं. त्यांच्यामागे यंत्रावर आवाजाची पातळी दाखवणारे हिरवे दिवे चढत होते, उतरत होते, पुन्हा चढत होते.

खोलीत काही ऐकू येत नव्हतं. त्याने तळवा तारांवर आणखी दाबला. दिवे चढतच होते.

मग त्याच्या लक्षात आलं, की अगदीच काही ऐकू येत नाही असं नाही. माइकच्या दांड्यावर लटकणाऱ्या हेडफोनमधून, काचेपलीकडे जात होता तोच, मुंगीएवढा आवाज झिरपत होता. गिटार होती. सूर ओळखीचा नव्हता. इतक्या बारीक आवाजात चाल कळत नव्हती. एवढंच कळत होतं, की वाजवणाऱ्याला कसलीही घाई नाही, आणि त्याने बराच काळ या संधीची वाट पाहिली असावी.

डावऱ्याने हेडफोनकडे हात नेला आणि बोलायला तोंड उघडलं.

काचेआडून ताईने त्याच्याकडे पाहिलं. एक क्षणच, नाइलाजाने, कार्यक्रमात मागून कुणी खोकलं तर आपण बघतो तसं. तिने बोट ओठांवर ठेवलं आणि नजर पुन्हा त्याच्या खांद्यापाशी नेली.

त्याने हात मागे घेतला आणि गप्प उभा राहिला.